मॉसमनच्या होडीचे उरलेले पैसे

डेल्बर्ट कॉर्कम आमच्या खाडीवर होड्यांचं यार्ड चालवायचा. लोक हिवाळ्यात होड्या तिथे ठेवायचे. मी तिथे क्रेनवर होतो. डेल्बर्ट बोलायचा कमी, पण कुणाचं काय चाललंय हे कळल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. यार्डाचे कागद त्याची धाकटी बहीण म्युरिएल बघायची.

अर्विन मॉसमन नावाच्या बेकरीवाल्याची लाकडी होडी आमच्याकडे होती. पाच हिवाळे खपून त्यानं ती स्वतः बांधलेली. दोन वर्षं भाडं भरलं, पण होडी एकदाही पाण्यात उतरवली नाही. मग माणूस दिसेनासाच झाला. नोटिसा तशाच परत आल्या. आणखी चार वर्षं वाट पाहून डेल्बर्टनं थकलेल्या भाड्यापोटी होडी लिलावात काढली. कायद्यानं तेवढा हक्क यार्डाला असतो. शाळेत शिकवणाऱ्या लीटा झिंकनं ती सात हजार डॉलरना घेतली. भाडं आणि खर्च वळता करून दोन हजार सातशे चाळीस उरले. ते मॉसमनचे.

"कोर्टात भर आणि मोकळा हो," म्युरिएल म्हणाली.

"भरीन की. पण एवढी खपून बांधलेली होडी माणूस पाण्यात घालत नाही, म्हणजे काय?"

"तुला काय करायचंय?"

"पैसे त्याचे आहेत. शोधायला नको?"

"पैशांचं नुसतं निमित्त रे, दादा. तुझी खाज वेगळीच आहे."

त्यानं ती रक्कम बँकेत वेगळी ठेवली आणि बेकरी गाठली. बेकरी आता दुसऱ्याची होती, पण मॉसमन ऑन्टारिओत लेकीकडे राहतो हे तिथे कळलं, फोन नंबरही मिळाला. डेल्बर्टनं आमच्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर.

होडी लिलावात लीटानं घेतली हे सांगितल्यावर पलीकडून नुसतं "विकली?" एवढंच आलं.

"रागावलात?" डेल्बर्टनं विचारलं.

"नाही हो. चूक माझीच. पाण्यात घातली का तिनं?"

"शनिवारी घालणार."

"तरंगेल का?"

"अहो, बांधली तुम्ही, विचारताय मला?"

म्हातारा ओशाळून हसला. "तेच तर बघायची छाती झाली नाही. बुडाली असती तर? पाच हिवाळे गॅरेजमध्ये होडी, आणि बायको बाहेर बर्फात गाडी लावायची माझ्यापायी. ती गेली, मग तर धीरच सुटला."

डेल्बर्टनं टोपी काढून टेबलावर ठेवली. "चेक कुठे पाठवू?"

"चेकचं राहू द्या. शनिवारी फोन करा."

शनिवारी मी होडी हळूच पाण्यात सोडली. फळ्यांच्या फटींतून पाणी आत झिरपायला लागलं. लीटाचा चेहरा उतरला. डेल्बर्टनं फोन लावला आणि खरं तेच सांगितलं: "गळतेय."

"किती?"

"इतकी वर्षं कोरडी पडलेली होडी गळायचीच," डेल्बर्ट म्हणाला. "पाणी पिऊन फळ्या फुगू देत, फटी आपोआप बुजतील."

आम्ही क्रेनच्या पट्ट्यांवर होडी धरून पाणी उपसायला पंप लावला. मंगळवारी पंप बंद केला, तरी तळ कोरडाच. डेल्बर्टनं ते कळवलं, पत्ता विचारून घेतला आणि त्याच दिवशी चेक पोस्टात टाकला.

ऑगस्टमध्ये मॉसमन लेकीबरोबर आला. लीटानं त्याला खाडीत फिरवून आणलं. पोहता येत नसल्यानं त्यानं दोन लाइफ जॅकेटं चढवली होती, एकावर एक. उतरल्यावर म्हणाला, "जरा डावीकडे कलते."

"मला नाही वाटलं," लीटा म्हणाली.

"कलते," तो म्हणाला आणि वाकून तळ बघायला लागला. डेल्बर्टही त्याच्या शेजारी वाकला.