दोन फुंकण्यांची जीप

आमच्या मिरजोळ्याचा महिपत घवाळी जीपमधून भाविकांना गणपतीपुळ्याला न्यायचा. वाटेत एक घाटी होती. तिच्या पायथ्याशी जीप थांबायची आणि आम्ही न सांगता उतरायचो. रिकामी गाडी कुंथत वर जायची, मागून आम्ही घाम पुसत. "पायीच जायचा तर गाडी कशाला?" असं एक म्हातारी म्हणाली, ते महिपतच्या जिव्हारी लागलं. गिऱ्हाईकं तुटत चालली. मेव्हणा काशीराम मुंबईला बोलवत होता, गोदीत चिकटवतो म्हणून. महिपतला जायचं नव्हतं. त्याच्या बायकोला, चिमाला, तर त्याहून नको होतं.

शहाऐंशी साली कुणा खलाशाने महिपतच्या डोक्यात किडा सोडला: परदेशात शर्यतीच्या एका गाडीला सुपरचार्जर आणि टर्बो दोन्ही बसवलेत. झालं! भंगारातून महिपतने दोन्ही पैदा केले. मला समजावलं ते असं: दोन्ही म्हणजे इंजिनाच्या फुंकण्याच. सुपरचार्जर इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. गाडी सावकाश असतानाही हवा देतो, पण वेग आला की इंजिनालाच ओझं. टर्बो फिरतो धुराच्या जोरावर. आधी पेंगतो, मग सुटतो. एकाने उठवायचं, दुसऱ्याने पळवायचं. हे मला त्या दिवशी कळलं, दुसऱ्या दिवशी नाही. महिपतचंही तसंच होत असावं.

घोडं अडलं झडपेवर. टर्बो जागा झाला की त्याची हवा सुपरचार्जरला वळसा घालून इंजिनात जायला हवी. महिपत खाडीकाठचा. खाजणातल्या शेताच्या बांधाला भरतीचं पाणी अडवायला असते तशी झडप त्याने त्या वळशाच्या नळीत बसवली, अगदी तश्शीच: आतलं बाहेर सोडणारी, बाहेरचं आत न घेणारी. पट्टा फिरे, टर्बो शिट्टी मारी आणि जीप पूर्वीपेक्षा मरगळलेली. "हवा जाते कुठं?" हे तो मला विचारी, मी त्याला.

शेवटी चिमाच म्हणाली, "अवो, बांधावर खारा पानी आत नको असता. हितं तर वारा आत हवा ना?"

महिपतने झडप उलटी फिरवली. आता तरी बरोबर झाली का, ते कुणालाच सांगता येईना.

चतुर्थीला आम्ही दाटीवाटीने बसून निघालो. घाटीच्या पायथ्याशी महिपतने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, आज ही गाडी घाटी चढली तर मी हितंच ऱ्हाईन, नायतर मुंबयला जाईन!" आम्ही भोवती उभे राहून "व्हय म्हाराजा" म्हटलं. तो तडक जाऊन बसला, डोळे बॉनेटवर. आम्ही गाडीत चढायला निघालो तशी चिमा आडवी आली. तोंडावर बोट, डोळ्यांत पाणी. आम्ही थिजलो. जीप बोंबलत वर गेली.

धापा टाकत आम्ही माथ्यावर पोचलो, तर महिपत रिकाम्या बाकांकडे बघत उभा.

"ही कशानं चढली? रिकामी तर आधीपन चढायची! मी खाली जातंय, सगळ्यांना भरून परत आणतंय. त्याबिगर कळनार नाय."

"कळून काय करायचा हाय?" चिमा म्हणाली. "गाऱ्हान्यात गाडी म्हनलाव. भरलेली गाडी असा कुठं म्हनलाव? देवानं ऐकलान, सगळी व्हय म्हनली. आता तुमाला मुंबयला जाता येयाचा नाय."

महिपतने आमच्याकडे पाहिलं. आम्ही पुन्हा म्हटलं, "व्हय म्हाराजा."