शेळीमार्फत निरोप

मी बाप्तिस्मा घेतल्यानंतर पाच महिने माझी आई माझ्याशी फक्त शेळीमार्फत बोलत होती.

साल बहात्तर, दुष्काळाचं. आमचं गाव सोनईपासून चार मैलांवर, मी तिथल्या शाळेत मास्तर. बायको शांता आणि मी दोघांनी एका रविवारी बाप्तिस्मा घेतला आणि आईला सांगितलं नाही. सांगणार होतो. आज सांगू, उद्या सांगू करता करता तिला ते पाण्याच्या टँकरपाशी कळलं, तेही शेजारणीकडून! त्या दिवशी तिनं स्वतःची चूल पडवीत नेली आणि तोंड मिटलं.

पण घर एक, त्यामुळे निरोप तर द्यावेच लागत. मग आई अंगणातल्या ढवळ्या शेळीकडे बघून म्हणे, "ढवळे, तुज्या मालकाला सांग, रेशनवर मिलो आलाय." मी म्हणे, "ढवळे, आईला सांग, आणतो." दोघांच्या मध्ये शेळी रवंथ करत उभी! (वर्गात चाळीस पोरांना गप्प बसवणारा मी, घरी शेळीची मनधरणी करत होतो.) हसू यायचं आणि रडूही यायचं. आईनं मला एकदा नुसतं "बाळू" म्हणावं, एवढ्यासाठी मी काहीही केलं असतं.

अशात आमच्या चर्चचे पाळकसाहेब रविवारी उपासनेनंतर आमच्याकडे जेवायला येतो म्हणाले. शांतानं होता नव्हता तो मिलो, म्हणजे रेशनवरची तांबडी अमेरिकन ज्वारी, दळून आठ लालसर भाकरी थापल्या, पिठलं केलं. त्या दुष्काळात आठ भाकरी म्हणजे मेजवानीच. मी शेळीला म्हणालो, "ढवळे, आईला सांग, आज आमच्या पंगतीला बस." आई पाठ फिरवून पडवीत गेली. पण ऐन जेवणाच्या वेळी गुडघ्यावर हात टेकत आली आणि ओसरीच्या पार टोकाला, भिंतीला टेकून बसली. मला आभाळ ठेंगणं झालं.

पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, आज प्रार्थना तुम्ही करा."

आता आमच्यात, म्हणजे आमच्या नव्या मंडळीत, प्रार्थनेला डोळे मिटतात. आईच्या देवापुढे डोळे उघडे ठेवून देवाकडे बघायचं असतं. त्यामुळे ओसरीवर तिघांचे डोळे मिटले आणि आईचे उघडे राहिले. (शेळीचेही. आणि त्या सकाळी शेळी मी बांधली होती, हे आधीच कबूल करतो.)

"हे आमच्या स्वर्गातील दयाळू बापा," मी सुरुवात केली. पाळकसाहेबांना दाखवायचं होतं की हा गडी नवा असला तरी कच्चा नाही. मी अन्नासाठी आभार मानले. मग पावसासाठी विनंती केली. मग खडी फोडणाऱ्या मजुरांसाठी, टँकरच्या ड्रायव्हरसाठी, तालुक्यासाठी, जिल्ह्यासाठी आणि पृथ्वीवरच्या समस्त राजांसाठी!

राजांपाशी पोचलो तेव्हा आई खाकरली. मी आवाज चढवला. मग तिचा तांब्या जमिनीवर आपटला. मला वाटलं, मन हेलावलं असेल. मग ती हळू आवाजात कुजबुजली (पूर्ण वाक्य मला नंतर कळलं), "ढवळे, तुज्या मालकाला सांग, बास झालं." त्यातलं मला फक्त "मालकाला" एवढं ऐकू आलं. माझी आई जगाच्या मालकाला हाक मारतेय! समस्त राजांना तिथंच सोडून मी हात पसरले आणि खरंच, अगदी मनापासून म्हणालो, "बापा, माझ्या आईची जीभ मोकळी कर!"

"आरं मुडद्या, आमेन म्हन की! शेळीनं भाकरी खाल्ल्या!"

"आमेन!" पाळकसाहेब सवयीनं खणखणीत म्हणाले.

डोळे उघडले. दुरडी रिकामी. शेवटच्या भाकरीचा अर्धा चंद्र ढवळीच्या तोंडातून लोंबत होता आणि ती माझ्याकडे पुढच्या निरोपाची वाट बघत असल्यासारखी बघत होती.

"आई, मग आधीच ओरडायचं नाही का?" मी म्हणालो. पाच महिन्यांनंतर तिच्याशी बोललेलं हे माझं पहिलं वाक्य!

"देवाचं नाव चाललं हुतं," आई म्हणाली. "मधी कसं वरडू? देव कुनाचा का असंना." मग पदर तोंडाला लावला. हसतेय असं वाटलं, पण नव्हती. "बाळू, देव बदाललास तर बदाललास. मला सांगितलं का न्हाईस रं?"

पाळकसाहेब पिठल्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "चुकलं आई." त्या पाच महिन्यांत शेळीमार्फत सगळे निरोप धाडले, हा तेवढा धाडायचा राहिला होता.

आई उठली, पडवीत गेली आणि आपल्या डब्यातल्या पिठाच्या भाकरी थापून आणल्या. आम्ही जेवायला हात घालणार तोच तिनं आम्हाला थांबवलं.

"पुन्यांदा करा काय ते. तुमी मिटा डोळं, मी बघती शेळीकडं."

आईनं बाप्तिस्मा कधी घेतला नाही. पण पुढं दहा वर्षं आमच्या घरातल्या प्रत्येक प्रार्थनेला ती डोळे उघडे ठेवून बसली आणि तिच्या मते पुरे झालं की खाकरायची.

आता आई नाही. मला मात्र अजून, प्रार्थना जरा लांबली की कानात खाकरणं ऐकू येतं आणि मी घाईघाईनं आमेन म्हणतो. मंडळीत सगळे माझं कौतुक करतात: मास्तरांची प्रार्थना कशी आटोपशीर, किती नम्र माणूस! मी मान खाली घालतो. एका डोळ्यानं दार बघून घेतलेलं असतं, शेळी नाही ना म्हणून.