शेळ्यांचा पाला

माझे डोळे वाचवले ते हैदराबादेत आहाराचं शिक्षण घेणाऱ्या एका अनोळखी विद्यार्थ्यानं. चौथीतच शाळा सुटली आणि मी घरापासून लांब, परभणीच्या कापसाच्या जिनिंगात कामाला लागलो. पण सांजावलं की मला दिसेना. मुकादमाला कळलं तर काम जाईल, ही धास्ती.

एकदा तिन्हीसांजेला पिंगळी स्टेशनात त्या विद्यार्थ्याच्या ट्रंकेवर आदळलो. शेरवानीच्या टोकानं चष्मा पुसून त्यानं माझी पापणी उचलून पाहिली.

"खातोस काय रे?"

"भाकर अन् मिरची."

स्टेशनामागच्या शेवग्याचा पाला ओरबाडून त्यानं माझ्या हाती दिला. "रोज याची भाजी कर. हैदराबादेत आम्ही हेच शिकतो, कशानं काय बरं होतं ते."

"आवं दादा, ह्ये तर शेळ्या खातेत."

"म्हणून तर शेळी ट्रंकेवर आदळत न्हाई."

गाडी आली, तो गेला. मी रोज ती भाजी खाल्ली; हळूहळू मला दिवेलागणीलाही दिसू लागलं, काम टिकलं. कधी गाठ पडलीच, तर तोच पाला माझ्या हातानं रांधून त्याला वाढीन.