धुतलेली ताटं

डिशवॉशर घेताना मी लहान बघत होते. आमचे हे म्हणाले, "मोठाच घेऊ. आपल्याकडे माणसांचा राबता असतो."

आता हे नाहीत, आणि माझ्या एकटीच्या ताट-वाटीने त्याचा कोपराही भरत नाही. पण खरकटं रात्रभर ठेवायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. म्हणून मी मांडणीवरची धुतलेली ताटं काढून रिकाम्या खाचांत लावते, दार लोटते आणि मशीन सुरू करते. भरल्या घराचं दार लोटल्यासारखं वाटायला हवं. तसं काही वाटत नाही. पाणी फिरत राहतं, मी ओट्याशी उभी असते.

आवाज थांबला की दार उघडते. वाफ चष्म्यावर बसते. चाचपडत ह्यांचं नाव कोरलेलं ताट उचलते.

ते गरम असतं.