चिंधीचा फटकारा

प्रेमलाबाईंची अख्खी नोकरी महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवण्यात, म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांची वाकडी फुलं सरळ करण्यात गेली. स्वतःचं एक चित्र भिंतीवर लागलेलं काही त्यांनी पाहिलं नाही. म्हणून निवृत्तीनंतर नारायण पेठेत अभय सरांचा मोनोप्रिंटचा वर्ग निघाल्याचं कळताच त्यांनी नाव नोंदवलं. विश्रांतवाडीहून एकटीनं कुठं जायचं, म्हणून शेजारच्या अक्षतालाही ओढलं. आणि तिथंच फसल्या.

अक्षता आयटीतली. पेन्सिल कशी धरायची तेही तिला ठाऊक नाही. पण इथं पेन्सिल लागतेच कुठं? प्लेटवर शाई पसरायची, चिंधीनं पुसत पुसत चित्र काढायचं, वर ओला कागद ठेवून दाबायचं. छाप एकच निघतो. आला तर आला. बाईंच्या प्लेटवरची घरं फूटपट्टी लावल्यासारखी. सर बघायचे आणि म्हणायचे, "नीटनेटकं आहे." अक्षताच्या विस्कटलेल्या छापापाशी मात्र गडी हलायचं नाव घेत नसे. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बरं, पोरगी स्वभावानं इतकी गोड की धड भांडायचीही सोय नाही.

दिवाळीनंतरच्या प्रदर्शनात वर्गातलं एकच चित्र लागणार, असं सरांनी जाहीर केलं आणि बाईंची झोप उडाली.

निवडीच्या दिवशी अक्षतानं प्लेटवर नदीवरचा पूल काढला. छाप घेणार तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, म्हणून ती जिन्यात गेली. पूल सुरेख होता. बाईंना तो बघवेना. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, चिंधी उचलली आणि दात-ओठ खात पुलावरून आडवी ओढली.

अक्षता परत आली. "अय्या, माझी ओढणी लागली वाटतं. जाऊ द्या बाई, शाई वाळतेय," म्हणत तिनं तसाच कागद ठेवला. तिच्या जागी बाई असत्या तर सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं असतं.

निवडला गेला तो नेमका तोच छाप.

प्रदर्शनात त्याच्यापुढं ही गर्दी. "पूल काय, कुणीही काढेल," सर लोकांना सांगत होते, "पण हा आडवा फटकारा पाहा. सगळा जीव त्यात आहे." अक्षता लाजून म्हणत होती, "अहो, चुकून झालंय ते." त्यावर लोक तिच्या विनयाचंही कौतुक करत होते. बाईंचा नुसता जळफळाट चालला होता. हात आपला आणि शाबासकी हिला? गेली लाज खड्ड्यात.

"सर, तो फटकारा माझा आहे," बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "ही फोनवर होती. चिंधी मी ओढली."

अक्षता बाईंकडं बघतच राहिली. सरांनी मात्र हसून खुर्ची पुढं केली आणि लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाले, "बसा बाई. अहो, तुमचा हात एवढा मोकळा असता, तर मी तुमचंच चित्र नसतं का लावलं?"