चौकटीला लागलेली हळद

धारवाडच्या आमच्या कॉलेजात यमुनाअक्का भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं मदतनीस होत्या. कायम मात्र कधी झाल्याच नाहीत. दर मार्चला करार संपायचा, एप्रिलला नवी सही. उणकलहून बसने यायच्या, तरी माझ्या आधी हजर. मराठी बोलतानाही कानडीतलं आदराचं 'री' सुटायचं नाही. एकदा मी शर्टाच्या टोकाने भिंग पुसलं, तर आठवडाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

गेल्या वर्षी नवं यंत्र आलं. यंत्र कसलं, चौकटीत बसवलेली नखाएवढी चिप! प्रकाशाचा एकेक कण पकडून त्याचा रंग सांगायचा, हे तिचं काम. पूर्वी त्याला टेबलभर सामान लागायचं. माझी विद्यार्थिनी नेत्रा हिची पीएचडी या चिपवरच अवलंबून होती.

खंडेनवमीला आमच्याकडे व्होल्टमीटरपासून झाडूपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू लागतं. नाजूक उपकरण असलं, की अक्का फक्त पेटीच्या झाकणावर बोट टेकवायच्या. तशाच टेकवायला निघाल्या होत्या. मला घरी जेवायला जायची घाई होती, तरी नव्या यंत्राचं कौतुक काही कमी नव्हतं. म्हणालो, "अहो अक्का, नवं आहे, दृष्ट लागेल. आत चौकटीला लावा की थोडी."

"आत नको री सर."

"चिपला लागली नाही म्हणजे झालं. लावा!"

त्यांनी करंगळीच्या टोकाने लावली.

दिवाळीनंतर नेत्राला हिरवे कण दिसू लागले. निळ्या लेझरखाली ती जो नमुना तपासत होती, त्यातून हिरवं काही यायलाच नको होतं. पुन्हा मोजलं, पुन्हा हिरवं. पोरगी हरखली, मी तिच्याहून जास्त. दोघांच्या नावाने लेख पाठवूनही दिला.

पंधरा दिवसांनी अक्का हळद लावलेला कागद घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, पुसताना निळा उजेड चौकटीवर पडला, तर माझं बोट लागलेली जागा हिरवी चमकली. हा कागद धरून बघा री." धरला. कागद हिरवा चमकला. चौकट स्वच्छ केली आणि नेत्राचे हिरवे कण गेले. अक्का गप्प बसल्या असत्या, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

लेख मागे घ्यावा लागला. नेत्रा तिथेच स्टुलावर बसून रडली. विभागप्रमुखांनी अक्कांना आमच्यासमोर उभं केलं. "उपकरणाच्या आत हात घालायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

अक्कांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्या म्हणाल्या, "कुणी नाही री. चूक माझीच."

मार्चमध्ये करार संपला. एप्रिलला सही झाली नाही. मला लाज वाटते. पण ती मी इथे लिहितोय, विभागप्रमुखांना अजून सांगितलेलं नाही.

यंदा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी अक्का घरी आल्या. मी दार उघडलं. "बसा," म्हणालो.

"बसत नाही, बस जाईल," त्या म्हणाल्या. "उद्या पूजा ना? नव्या बाईंना माहीत नसेल, सर. हळद झाकणावरच लावायला सांगा. नाहीतर बिचारीची नोकरी जायची."