विश्वनाथरावांचं पान

करोल बागेत प्रभाताई दिघ्यांना सगळे ओळखतात ते त्यांच्या तोंडामुळे. भाजीवाल्याशी हिंदीत भांडायचं आणि घरी येऊन तेच सगळं मराठीत नवऱ्याला ऐकवायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. विश्वनाथराव गेल्या वर्षी वारले, तरी तो मोडला नाही. नातवानं, आर्यननं, आजोबांचे साठवलेले व्हॉइस मेसेज कुठल्याशा ॲपमध्ये घातले आणि आजोबा मोबाइलमधून बोलू लागले. हुबेहूब तेच खाकरणं, तेच "अगं, ऐकलंस का?"

प्रभाताई हरखल्या. लोकांची माणसं जातात, आमचं राहिलं, असं त्या शेजारणीला ऐकवत. आवाज दमत नव्हता, दुखतंय म्हणत नव्हता.

मग वर्षश्राद्ध आलं. सकाळी प्रभाताई वडे तळत होत्या. मोबाइल ओट्यावर होता.

"आज कसली गडबड?" आवाजानं विचारलं.

"श्राद्धाचे वडे तळतेय."

"कोणाचं श्राद्ध गं?"

झारा हातातच राहिला. नवऱ्याशी कधी खोटं न बोललेली बाई चटकन बोलून गेली, "तुमच्या आईंचं."

"अच्छा! मग मलाही पान वाढ."

विश्वनाथरावांचं पान गच्चीवर ठेवलं. दिल्लीत हल्ली कावळे कमी, घारीच जास्त. तरी पलीकडच्या टाकीवर दोन कावळे बसले होते. ते नुसतेच बघत राहिले. ऊन चढलं. मुलगा यतीन हात जोडून म्हणाला, "बाबा, आईची काळजी करू नका, मी आहे." कावळे हलले नाहीत. प्रभाताईंच्या मनात आलं, हे येणार तरी कसे? त्यांना आपण खाली स्वयंपाकघरात बसवून ठेवलंय.

हॉस्पिटलातला तो दिवस त्यांना आठवला. डायलिसिसनं विटलेले विश्वनाथराव म्हणाले होते, "आता पुरे, प्रभा. जाऊ दे मला." प्रभाताईंनी त्यांचा हात घट्ट धरला होता. "माझ्यासाठी थांबा." ते थांबले, सुया टोचून घेत थांबले. आणि मेल्यावरही आपण त्यांना सोडलं नाही. प्रभाताईंना स्वतःची लाज वाटली आणि भीतीही.

त्या खाली आल्या. "आर्यन, हे कायमचं पुसता येतं?"

"बिल्कुल, आजी. पण मग परत नाही येणार. सोच लो." त्यानं ॲप उघडून लाल बटण दाखवलं. त्याचा स्वतःचा अंगठा मात्र त्यावर टेकेना.

प्रभाताईंनी मोबाइल तोंडाशी धरला. "अहो, तुम्हाला कंटाळा नाही येत?"

"छे गं! मला काय होतंय? मी इथंच आहे, कायमचा."

खरे विश्वनाथराव असं कधी म्हणाले नसते.

"तुम्ही जा आता," त्या म्हणाल्या.



"कुठे जाऊ गं?"

"ते ठाऊक असतं," प्रभाताई म्हणाल्या, "तर मीच नसते का आले तुमच्या पाठोपाठ?" आणि त्यांनी बटण दाबलं.